शर्ट उलटा करायला लावला: अमेरिकेतल्या सरकारी शाळा, मुलांचे कपडे आणि बोलण्याचा हक्क

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतलं मराठी कुटुंब, मुलगी पब्लिक हायस्कूलमध्ये नववीत. 'अबॉलिश आइस' असं लिहिलेला टी-शर्ट घालून ती शाळेत गेली. (आइस म्हणजे इमिग्रेशन अँड कस्टम्स एन्फोर्समेंट, कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांना पकडून परत पाठवणारं इथलं केंद्र सरकारचं खातं. ते बंद करा, अशी ती मागणी.) दुसऱ्या तासाला व्हाइस प्रिन्सिपलनी बोलावून घेतलं. काही मुलांना हे खटकलंय, एका पालकांची ईमेल आली आहे, शर्ट उलटा करून घाल नाहीतर घरून दुसरा मागव. तिने उलटा करून घातला आणि घरी येऊन रडली. मैत्रिणीच्या शर्टवर त्याच खात्याचं नाव, पण आधी इंग्रजीतली ती चार अक्षरी शिवी. तिला एक दिवसाचं सस्पेन्शन. आईचे प्रश्न: शाळेला हे करता येतं का? मुलगी पुन्हा तोच शर्ट घालायचं म्हणतेय, घालू द्यावा का? आम्ही एच-वन आणि एच-फोरवर आहोत, व्हिसावर किंवा पुढे कॉलेजवर याचा परिणाम होईल का? तिच्या तोकड्या टॉपवरूनही गेल्या महिन्यात बोलणी बसली होती, तेही यातच येतं का? शिवाय पुण्याहून आलेले आजोबा म्हणताहेत, गणवेश असता तर ही भानगडच नसती.

मी न्यू जर्सीत शिक्षणविषयक कायद्याची वकिली करते. पालकांच्या बाजूने लढले आहे आणि शाळांच्या बोर्डांना (इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळांना) सल्लाही दिला आहे, त्यामुळे त्या व्हाइस प्रिन्सिपलच्या डोक्यात तेव्हा काय चाललं असेल याची मला कल्पना आहे. सकाळी सकाळी एका पालकाची ईमेल येते, "यावर तुम्ही काय करणार आहात?" अशी, आणि सीसीमध्ये बोर्डाचे दोन सदस्य असतात. त्या घडीला कुणाला राज्यघटना आठवत नाही. दुपारच्या बसेस सुटेपर्यंत ही कटकट मिटावी, एवढंच त्या माणसाला हवं असतं. आणि ती मिटवायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे जी मुलगी एकटी आहे तिला शर्ट उलटा करायला लावणं. बहुतेक वेळा यात आकस नसतो. पण म्हणून ते कायद्यात बसतं असं नाही.

तुम्ही लिहिलंय तेवढंच घडलं असेल, तर तुमच्या मुलीच्या बाबतीत शाळा चुकली. मैत्रिणीचा शर्ट थांबवणं मात्र शाळेच्या अधिकारात होतं. कोर्ट असल्या खटल्यात शर्ट चांगला की वाईट हे ठरवायला बसत नाही. शाळेने तो का थांबवला, त्या कारणामागे काही ठोस होतं का, आणि उलट मताचा शर्ट असता तर शाळा तशीच वागली असती का, एवढं बघतं. तुमची सगळी बाजू या तीन प्रश्नांवर उभी राहणार आहे, म्हणून पुढचे खटले सांगताना मी तेवढ्याच नजरेने सांगते.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते, कारण भारतातून नव्याने आलेल्यांचा इथे हमखास घोटाळा होतो. इथलं पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी शाळा. अभिव्यक्तीचा घटनेतला हक्क सरकारविरुद्ध असतो, म्हणून तो इथे लागू होतो. खासगी किंवा चर्चच्या शाळेत हेच घडलं असतं तर प्रश्न मुख्यतः फी भरताना तुम्ही सही केलेल्या कराराचा असता. (कॅलिफोर्नियाने खास कायदा करून धार्मिक सोडून बाकीच्या खासगी हायस्कूलांनाही हे बंधन घातलंय, पण न्यू जर्सी म्हणजे कॅलिफोर्निया नव्हे.)

या विषयाचा मूळपुरुष म्हणजे टिंकर खटला. डिसेंबर १९६५, आयोवातलं डी मॉइन शहर. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काही मुलांनी दंडाला काळ्या फिती बांधून शाळेत जायचं ठरवलं. मुख्याध्यापकांना कुणकुण लागली आणि त्यांनी दोनच दिवस आधी नियम केला की फीत बांधून आलात तर घरी पाठवू. तेरा वर्षांची मेरी बेथ टिंकर, तिचा पंधरा वर्षांचा भाऊ आणि आणखी एक मुलगा तरीही फीत बांधून गेले आणि सस्पेंड झाले. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. विद्यार्थी आणि शिक्षक आपले हक्क शाळेच्या फाटकाशी सोडून आत येत नाहीत, हे वाक्य त्यातलंच. ते सगळ्यांना पाठ असतं. मला त्याहून कामाचा वाटतो तो निकालातला एक साधा तपशील: त्याच शाळांमध्ये मुलं निवडणुकीचे बिल्ले लावून यायची, काही जण तर आयर्न क्रॉस, म्हणजे नाझींशी जोडलं गेलेलं चिन्ह घालायची, आणि त्यांना कुणी हटकलं नव्हतं. बंदी फक्त काळ्या फितीवर आली. म्हणजे शाळेला गोंधळाची भीती नव्हती, एक ठरावीक मत नको होतं.

टिंकरने घालून दिलेली कसोटी अशी: त्या पोशाखामुळे शाळेच्या कामात मोठा, खराखुरा व्यत्यय आला असेल, किंवा येणार असं मानायला ठोस आधार असेल, किंवा दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या हक्कांवर गदा येत असेल, तर शाळा थांबवू शकते. "काहीतरी होईल अशी भीती वाटली" हे पुरत नाही. "हे मत काही जणांना रुचत नाही" हे तर मुळीच पुरत नाही.

व्यत्यय म्हणजे नेमकं काय, हे समजायला मी नेहमी टिंकरच्याही आधीचे मिसिसिपीतले दोन खटले सांगते. दोन्ही निकाल १९६६ मध्ये एकाच अपील कोर्टाने, एकाच दिवशी दिले. दोन्हीकडे कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा, दोन्हीकडे नागरी हक्क चळवळीतल्या एकाच संघटनेचे बिल्ले. पहिली शाळा फिलाडेल्फिया गावातली (पेनसिल्व्हेनियातलं नव्हे; १९६४ च्या उन्हाळ्यात तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांचे खून झाले तो भाग). तिथे मुलं 'एक माणूस, एक मत' असा बिल्ला लावून वर्गात बसली, इतर मुलांनी कुतूहलाने बघितलं, बस. कोर्ट म्हणालं, बंदी बेकायदा. दुसऱ्या शाळेत बिल्लेवाली मुलं नको म्हणणाऱ्यांच्या कपड्यांवर जबरदस्तीने बिल्ले टोचत होती, तास चालू असताना व्हरांड्यात आरडाओरडा चालला होता, खिडक्यांतून बिल्ले फेकले जात होते. कोर्ट म्हणालं, बंदी योग्य. फरक सगळा वागण्याचा होता. तुमच्या मुलीने शर्ट घालून वर्गात बसण्यापलीकडे काही केलं का, हा माझा तुम्हाला पहिला प्रश्न असेल. पत्रकं वाटली का? कुणाशी वादावादी झाली का? तिला नीट विचारा, आणि वकिलाला सांगताना त्यातलं काही गाळू नका.

आता घरचा खटला, कारण आयोवा आणि मिसिसिपी लांब राहिले. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअर ही राज्यं तिसऱ्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे फेडरल अपील कोर्टासाठी काही राज्यांचा मिळून केलेला विभाग) अपील कोर्टाखाली येतात, म्हणून त्या कोर्टाचे निकाल तुमच्या शाळेवर थेट बंधनकारक आहेत. २००१ मध्ये वॉरन हिल्स नावाच्या आपल्याच राज्यातल्या हायस्कूलमध्ये एक मुलगा एका विनोदी नटाचे दहा विनोद छापलेला टी-शर्ट घालून आला. त्यात 'रेडनेक' हा शब्द होता. गावंढळ गोऱ्या माणसाला चिडवायचा तो शब्द. व्हाइस प्रिन्सिपलनी सांगितलं, शर्ट उलटा कर. तुमच्या मुलीला सांगितलं तेच. त्याने नकार दिला आणि तीन दिवसांचं सस्पेन्शन घेतलं. शाळेची बाजू कमकुवत नव्हती. तिथे वांशिक तणाव खरोखर झाला होता, कॉन्फेडरेट झेंडे (यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचे) मिरवणारी एक टोळी स्वतःला 'हिक्स', म्हणजे गावंढळच, म्हणवत होती, आणि त्यानंतर शाळेने छळविरोधी नियम केला होता. तरी २००२ मध्ये कोर्टाने मुलाच्या बाजूने कौल दिला. पूर्वीच्या तणावाचा या शब्दाशी, या शर्टाशी संबंध कुठे दिसतो, असं कोर्टाने विचारलं, आणि शाळेला तो दाखवता आला नाही. शाळेचा नियमही बराचसा टिकला. फक्त 'वैरभाव निर्माण करणारं' असे सैल शब्द होते तेवढे कोर्टाने काढून टाकले. शाळेचे वकील मुद्दा गुळगुळीत करू लागले की मी हा निकाल काढते. इतिहास आहे म्हणता? मग या शर्टाशी तो जोडून दाखवा.

"काही मुलांना खटकलं" यात तो जोड कुठेच नाही. एका पालकाच्या ईमेलमध्ये तर नाहीच.

याच्या उलट बाजूचा खटलाही तुम्हाला माहीत हवा, कारण तो तुमच्या मुलीच्या शर्टाचा आरसा आहे. २०१८, ओरेगनमधलं हिल्सबरो. इंटेलमुळे तिथेही आपली मराठी मंडळी बरीच आहेत. सरकारी हायस्कूलमधला अठरा वर्षांचा विद्यार्थी राजकारणाच्या तासाला ट्रम्प यांच्या सीमेवरच्या भिंतीची भलामण करणारा शर्ट घालून आला: 'डोनाल्ड जे. ट्रम्प बॉर्डर वॉल कन्स्ट्रक्शन कंपनी'. शाळेत लॅटिनो मुलं भरपूर, काहींनी तक्रार केली, त्याला शर्ट झाक म्हणून सांगितलं, त्याने थोड्या वेळाने पुन्हा उघडा केला, त्याला घरी पाठवलं. फेडरल न्यायाधीशांनी तात्पुरता मनाई हुकूम दिला, कारण व्यत्ययाचा पुरेसा पुरावा शाळेकडे नव्हता. शेवटी तडजोड झाली: माफीचं पत्र आणि वकिलाच्या फीपोटी २५ हजार डॉलर. ज्या मुलाला तो निकाल मिळाला त्याचं मत तुमच्या मुलीला संताप आणेल, आणि तिच्या शर्टाचं संरक्षण नेमकं त्याच मुद्द्यावर टिकणार आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पालकाला मी विचारते: उद्या वर्गातला दुसरा मुलगा भिंतवाला शर्ट घालून आला तर तुम्ही प्रिन्सिपलना ईमेल कराल का? "हो" असं उत्तर आलं तर तुमची केस मी घेते, पण आपला वाद थोडा लांबतो.

आता शाळा जिंकते ते कधी. २०१० च्या ५ मे रोजी, मेक्सिकन लोकांच्या सिंको दे मायो या दिवशी, कॅलिफोर्नियातल्या मॉर्गन हिलच्या शाळेत काही मुलं अमेरिकेचा झेंडा छापलेले शर्ट घालून आली. आदल्या वर्षी त्याच दिवशी झेंड्यावरून बाचाबाची आणि धमक्या झाल्या होत्या, आणि या वर्षीही मुलांनीच अधिकाऱ्यांना भांडण होईल असं सांगितलं होतं. शाळेने शर्ट उलटे करा किंवा घरी जा म्हणून सांगितलं आणि २०१४ मध्ये नवव्या सर्किटने ते योग्य ठरवलं. हा निकाल मला अजिबात पटलेला नाही. मारायला उठणाऱ्यांना आवरायचं सोडून शर्ट घालणाऱ्याला आवरलं, तर पुढच्या वेळी मारायला कसं उठायचं ते सगळ्यांना कळतं. पण आदल्या वर्षीची घटना आणि ताजी खबर, दोन्ही शाळेकडे होती, हे मान्य करायला हवं.

मिशिगनचं प्रकरण मला जास्त अवघड वाटतं. तिसरीतली मुलगी 'हॅट डे'ला एआर-१५ रायफलचं चित्र आणि 'या, आणि हिसकावून घ्या' असं लिहिलेली टोपी घालून आली. ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये गोळीबारात चार विद्यार्थी मेल्याला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते आणि ऑक्सफर्डहून बदलून आलेली मुलं त्याच शाळेत शिकत होती. २०२५ मध्ये सहाव्या सर्किटने शाळेची बाजू घेतली. आठ-नऊ वर्षांची मुलं, ताजी जखम, चित्रही थेट त्या जखमेचं. इथे मी शाळेची वकील असते तर झोप लागली असती.

आणि मॅसॅच्युसेट्समधलं मिडलबरो: 'लिंगं फक्त दोनच आहेत' असा शर्ट बारा वर्षांच्या मुलाने घातला. पहिल्या सर्किटने २०२४ मध्ये शाळेच्या बाजूने निकाल दिला. दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या ओळखीलाच कमी लेखणारा मजकूर असेल आणि त्याने शाळेतलं वातावरण बिघडेल असं मानायला आधार असेल तर शाळा थांबवू शकते, असं त्यांचं म्हणणं. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकायला नकार दिला. न्यायमूर्ती अलिटो आणि थॉमस यांनी असहमती लिहून ठेवली. तुमची शाळा कदाचित याचा आधार घेईल. उत्तर सोपं आहे: तुमच्या मुलीचा शर्ट एका सरकारी खात्याबद्दल आहे, वर्गातल्या कुणाच्या ओळखीबद्दल नाही. कुणाचे वडील त्या खात्यात नोकरीला असतील तर त्या मुलाला वाईट वाटेल, खरं आहे. पण वडिलांची नोकरी ही या अर्थाने ओळख होत नाही.

न्यू जर्सीत शाळा अशा वेळी आणखी एक रस्ता धरते, तो म्हणजे एचआयबी (हरॅसमेंट, इंटिमिडेशन अँड बुलिंग, म्हणजे छळ, धमकावणं आणि दादागिरी). २०११ च्या बुलिंगविरोधी कायद्याखाली लेखी तक्रार आली की शाळेला दहा शालेय दिवसांत चौकशी संपवावी लागते. शर्टावरून एचआयबीची नोंद झाली तर हलक्यात घेऊ नका. चौकशी करणाऱ्या शिक्षिका भल्या असतात, मुलीशी गोड बोलतात आणि ती "हो, मला माहीत होतं काही जण चिडतील" असं बोलून जाते. तेच वाक्य अहवालात येतं. चौकशीच्या वेळी तुम्ही हजर राहणार असं आधीच लेखी कळवा. आणि कायद्यात त्रास हा वंश, धर्म, लिंग यांसारख्या वैशिष्ट्यावरून झालेला असावा लागतो हे अहवालाला उत्तर देताना विसरू नका.

मैत्रिणीचा शर्ट. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लॉस एंजेलिसच्या कोर्टात तीच शिवी जाकिटावर लिहून, सक्तीच्या सैन्यभरतीचा निषेध करत फिरणाऱ्या माणसाला सोडून दिलं होतं. मुलं गूगल करून हा निकाल काढतात आणि मला पाठवतात. पण १९८६ च्या फ्रेझर खटल्यात, शाळेच्या सभेत सूचक अश्लील भाषण ठोकणाऱ्या मुलाच्या बाबतीत, त्याच न्यायालयाने ठरवलं की शाळा असभ्य भाषा थांबवू शकते, मोठ्यांना जे चालतं ते शाळेत चालेलच असं नाही. राजकीय मत त्या शिवीला चिकटलं म्हणून ती शिवी वाचत नाही.

मात्र शिवी आणि सूचक शब्द यांत आपल्या सर्किटने रेघ ओढली आहे, आणि ती मजेशीर प्रकरणातून. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टनमध्ये २०१० साली मिडल स्कूलच्या मुली स्तनांच्या कॅन्सरबद्दल जागृती करणारे रबरी ब्रेसलेट घालायच्या. त्यावर 'आय लव्ह बूबीज' असा मजकूर, मध्ये बदाम. आठवडेच्या आठवडे काही झालं नाही. मग शाळेने बंदी घातली, आणि गंमत अशी की बंदी जाहीर करताना शाळेच्याच टीव्हीवर तो चावट मानलेला शब्द वाचून दाखवला गेला. दोघींनी बंदी मोडली. दीड दिवस शाळेतच वेगळं बसवलं आणि हिवाळी डान्सला यायची मनाई. २०१३ मध्ये तिसऱ्या सर्किटच्या पूर्ण पीठाने ९ विरुद्ध ५ मतांनी ठरवलं: उघड अश्लील असेल तर शाळा थांबवू शकते, पण मजकूर दोन्ही अर्थांनी घेता येण्यासारखा असेल आणि त्यात सामाजिक किंवा राजकीय मत दिसत असेल, तर नुसतं 'असभ्य' म्हणून थांबवता येणार नाही. याउलट मिशिगनमध्ये 'लेट्स गो ब्रँडन' लिहिलेल्या स्वेटशर्टवर (बायडेन यांना दिलेल्या शिवीचं ते सभ्य सोंग) २०२५ मध्ये सहाव्या सर्किटने २ विरुद्ध १ मतांनी शाळेला पाठिंबा दिला. तो शर्ट आपल्याकडे न्यू जर्सीत आला असता तर ईस्टनच्या निकालापुढे शाळेला फार अवघड गेलं असतं असं माझं मत आहे. राज्याची हद्द ओलांडली की उत्तर बदलतं, म्हणून टेक्सासच्या मावशीचा व्हॉट्सॲप सल्ला घेऊ नका.

तरी मैत्रिणीच्या आईवडिलांना एक सांगा. शर्ट काढायला लावणं वेगळं आणि पहिल्याच वेळी सस्पेंड करणं वेगळं. शाळेच्या हँडबुकमध्ये पहिल्या ड्रेस कोडभंगाला काय शिक्षा लिहिली आहे ते बघा. बहुधा 'कपडे बदला' एवढंच असतं. आणि १९७५ च्या गॉस निकालानुसार छोट्या सस्पेन्शनआधीही आरोप सांगून मुलीचं म्हणणं ऐकायला हवं. तिला कुणी विचारलं होतं का?

तोकड्या टॉपचा मामला वेगळा. शर्टावर मत असतं. टॉपची लांबी हे मत नाही, असंच बहुतेक कोर्टं मानतात, त्यामुळे अभिव्यक्तीचा मुद्दा तिथे चालत नाही. चालतो तो समानतेचा. सरकारच्याच लेखा कार्यालयाने, जीएओने, २०२२ मध्ये तपासलं तर सुमारे ६० टक्के ड्रेस कोडमध्ये कपडे किंवा अंग मोजायला लावणारे नियम होते, आणि निर्बंध मुलींच्या कपड्यांवर जास्त. नॉर्थ कॅरोलायनाच्या एका चार्टर शाळेने (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) मुलींना स्कर्टची सक्ती केली होती. चौथ्या सर्किटने २०२२ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. मुलांच्या बिनबाह्यांच्या जर्सीला कुणी हात लावत नाही आणि मुलीचा खांदा दिसला की नर्सच्या खोलीतला ढगळ शर्ट मिळतो, असं असेल तर तारखेसकट लिहून ठेवा. ही तक्रार आजच्या पत्रात मिसळू नका. दोन्ही तक्रारी एकत्र केल्या की शाळा सोप्या तक्रारीला उत्तर देते आणि अवघडीला बगल देते.

आजोबांना नमस्कार सांगा. त्यांचं म्हणणं कायद्याने अगदी चूक नाही. गणवेश किंवा सरसकट 'शर्टावर कोणताही मजकूर नको' असा नियम असेल तर कोर्टं सहसा मान्य करतात, कारण त्यात मतामतांत भेद नसतो. टेक्सासमधल्या वॅक्साहाची शाळेत एकाला 'सॅन डिएगो' लिहिलेला शर्ट नडला, मग त्याने राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचा शर्ट घातला, तोही नडला, आणि २००९ मध्ये पाचव्या सर्किटने शाळेला बरोबर ठरवलं. पण गणवेशाने भानगड संपते असं आजोबांनी समजू नये. आपल्या बेयॉन गावात गणवेश आला तेव्हा दोन मुलांनी 'गणवेश नको' असा बिल्ला लावला, मागे हिटलरच्या युवक संघटनेतल्या मुलांचा एकसारख्या कपड्यातला फोटो. शाळेने सस्पेन्शनची धमकी दिली. २००७ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी मुलांच्या बाजूने मनाई हुकूम दिला. गणवेश लागू राहिला, बिल्लाही राहिला.

हिटलरचं नाव निघालंच आहे तर न विचारलेलं एक सांगते. मुलीच्या किंवा भावाच्या गळ्यात स्वस्तिकाचं पेंडंट असेल, मुंजीत मिळालेलं वगैरे, तर ते पहिल्यांदा घालून जाण्याआधी प्रिन्सिपलना दोन ओळी लिहून कळवा, चित्रासकट. हक्क तुमच्याकडे आहे, शिवाय तो धर्मस्वातंत्र्याचाही आहे. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये द्वेषचिन्हांचा कायदा कडक करताना हिंदू, बौद्ध, जैन स्वस्तिक वेगळं असल्याचं त्यात नोंदवलं. पण व्हरांड्यात समोरून येणाऱ्या ज्यू मुलाने तो कायदा वाचलेला नसतो. आधी कळवलेलं असलं की शाळेला गैरसमज झाल्याची सबब राहत नाही आणि तुमच्या मुलाला सगळ्यांसमोर खुलासे द्यावे लागत नाहीत.

व्हिसाबद्दल. शाळेतला हा हक्क नागरिकत्वावर अवलंबून नाही. देशात राहणाऱ्या परदेशी माणसालाही अभिव्यक्तीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९४५ मध्येच म्हटलंय. शर्टावरून मिळालेली शाळेची समज किंवा डिटेन्शन (शाळा सुटल्यावर थांबवून ठेवायची शिक्षा) हा गुन्हा नाही, आणि शाळेच्या नोंदी गोपनीयतेच्या कायद्याखाली येतात. तरी २०२५ मध्ये परदेशी विद्यापीठ-विद्यार्थ्यांवर आणि अभ्यासकांवर त्यांच्या राजकीय मतांमुळे व्हिसाची कारवाई झाली, आणि बॉस्टनच्या फेडरल न्यायाधीशांनी त्याच वर्षी ती घटनाबाह्य ठरवली, हे दोन्ही तुम्ही वाचलं असेल. त्यामुळे "घाबरायचं काहीच कारण नाही" असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी शाळेचा कायदा बघते. ग्रीन कार्डचा अर्ज चालू असेल तर तुमच्या इमिग्रेशन वकिलाला एक फोन करा. माझ्या मते खरी जोखीम शर्टापेक्षा त्याच्या इन्स्टाग्रामवरच्या फोटोची आहे, कारण तो शाळेच्या भिंतीत राहत नाही. तो टाकायचा की नाही हे घरात बसून ठरवा, मुलीला सोबत घेऊन. कॉलेजचं म्हणाल तर कॉमन अॅपने (एकाच अर्जावर अनेक कॉलेजांत प्रवेश मागायची सोय) २०२१ पासून शिस्तभंगाचा प्रश्न आपल्या मुख्य अर्जातून काढून टाकला. काही कॉलेजं स्वतंत्रपणे विचारतात, पण उलटा केलेला शर्ट त्यात लिहावा लागत नाही, कारण शिक्षा झालीच नाही.

आता काय करायचं. मुलीला सांगा, पुढच्या वेळी अडवलं तर तिथल्या तिथे हुज्जत घालायची नाही. "मला हे मान्य नाही, पण तुम्ही सांगताय म्हणून करते" एवढं म्हणायचं आणि करायचं. नकार दिला की शाळेच्या कागदावर शर्ट गायब होतो आणि 'आज्ञाभंग' उरतो. मग आपण अभिव्यक्तीबद्दल बोलत बसतो आणि ते उद्धटपणाबद्दल. वॉरन हिल्सच्या मुलाने नकार दिला आणि जिंकला, पण त्यासाठी त्याला फेडरल अपील कोर्टापर्यंत जावं लागलं. निषेध म्हणून तास बुडवून वॉकआउट करणार असतील तर तेही वेगळं: इतर कुठल्याही दांडीला जी शिक्षा असते ती शाळा देऊ शकते, फक्त वॉकआउट म्हणून जास्त देऊ शकत नाही.

या आठवड्यात व्हाइस प्रिन्सिपलना ईमेल करा, सूर सौम्य ठेवा. अमुक तारखेला शर्ट उलटा करायला सांगितलंत. हँडबुकमधल्या कोणत्या नियमाखाली? शर्टामुळे कोणत्या तासात, काय व्यत्यय आला? यापूर्वी राजकीय मजकुराचे इतर शर्ट किंवा टोप्या थांबवल्या आहेत का? मुलगी हाच शर्ट पुन्हा घालणार आहे. शाळेची हरकत असेल तर कारण लेखी कळवावं. राज्यघटना, टिंकर, वकील, यातलं काहीही पहिल्या पत्रात लिहू नका. माझ्या अनुभवात यातली बरीच प्रकरणं इथेच थांबतात, कारण ते पत्र बोर्डाच्या वकिलाकडे जातं आणि वकील प्रिन्सिपलना फोन करून "शर्ट राहू द्या" असं सांगतो. हरणाऱ्या शाळेला मुलाच्या वकिलाची फीही भरावी लागू शकते, हे त्याला माहीत असतं.

उत्तर आलं नाही किंवा "इतरांना अस्वस्थ वाटलं" एवढंच आलं, तर सुपरिंटेंडंट, मग बोर्ड. राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे जायचं असेल तर ज्या निर्णयाविरुद्ध जायचं त्याच्या तारखेपासून ९० दिवसांत अर्ज करावा लागतो, आणि बोर्डाच्या बैठका महिन्यातून एक-दोनदाच असतात, म्हणून पहिली ईमेल लांबवू नका. लेखी उत्तर येईपर्यंत मुलीला तो शर्ट न घालण्याची सक्ती मी तुमच्या जागी केली नसती. घालायचा असेल तर मैत्रिणीसारखा नको, स्वतःचाच.